लांब इंग्रजी शब्द फोडून वाचायचे कसे?

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं अकरावी सायन्सला जातात, नीटच्या तयारीसाठी लातूर-नांदेडला खोली करून राहतात, आणि पहिल्याच आठवड्यात जीवशास्त्राच्या पुस्तकापाशी अडतात. विषय त्यांना नवा नसतो, नववी-दहावीत तो मराठीतून समजलेला असतो. अडतं ते पंधरा-वीस अक्षरांच्या इंग्रजी शब्दांपाशी. असा शब्द आला की नजर त्यावरून घसरते, पहिली दोन-तीन अक्षरं पाहून अंदाजानं काहीतरी म्हटलं जातं, आणि स्पेलिंग घोकंपट्टीवर सोडलं जातं.

हा लेख त्या मुलांसाठी आहे, आणि गावाकडच्या शाळेत नुकतंच इंग्रजी शिकवायला लागलेल्या शिक्षकांसाठीही. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, त्यामुळे एबीसीडीची ओळख सगळ्यांची झालेली असते. मोठा शब्द हाताळायचा कसा, हे मात्र फारसं कुणी मुद्दाम शिकवत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: लांब इंग्रजी शब्द छोट्या शब्दांपेक्षा सोपे असतात. ‘वन’ (एक), ‘आय’ (डोळा), ‘सेड’, ‘इनफ’ यांच्या स्पेलिंगचा आणि उच्चाराचा मेळ लावता लावता जीव जातो, ते पाठच करावे लागतात. लांब शब्दांचं तसं नसतं. ते बहुतेक लॅटिन आणि ग्रीक तुकड्यांचे बनलेले असतात आणि तेच तुकडे पुन्हा पुन्हा भेटतात. उपसर्ग, प्रत्यय, संधी, समास हे सगळं आपण मराठीच्या तासाला शिकलेलोच आहोत. तेच इथे वापरायचं आहे.

पायरी पहिली: टाळी वाजवून मोजा

सुरुवात इंग्रजी शब्दांपासून करू नका. आपल्या जिल्ह्यांची नावं घ्या. बीड: एक टाळी. जालना: जाल-ना, दोन. लातूर: ला-तूर, दोन. परभणी: पर-भ-णी, तीन. धाराशिव: धा-रा-शिव, तीन. परभणी लिहिताना चार अक्षरं लागतात, टाळ्या मात्र तीनच. कारण र मधला ‘अ’ आपण बोलताना गाळतो आणि तो र मागच्या प ला चिकटतो. एका स्वरावर, एका दमात म्हटला जाणारा हा जो तुकडा, त्याला इंग्रजीत सिलॅबल म्हणतात. लिहिलेल्या अक्षरांची संख्या आणि सिलॅबलची संख्या वेगळी असते, ही गोष्ट आधी कानाला पटली पाहिजे.

टाळीबद्दल शंका आली तर तळहात आडवा करून हनुवटीखाली धरा आणि शब्द सावकाश म्हणा. प्रत्येक स्वराला जबडा खाली येतो आणि हाताला टेकतो. जितक्या वेळा टेकला तितके सिलॅबल.

मग तोंडात रुळलेले इंग्रजी शब्द घ्या. ट्रॅक-टर दोन, हॉस-पि-टल तीन, अ‍ॅप-लि-के-शन चार, रे-जिस-ट्रे-शन चार. शब्द कागदावर दाखवू नका, फक्त कानानं मोजू द्या.

इथे आपल्याकडची एक अडचण येते. आपल्या भागात ‘स्कूल’चं ‘इस्कूल’ होतं, ‘स्टेशन’चं ‘इस्टेशन’, ‘फिल्म’चं ‘फिलम’. गावात बोलताना खुशाल म्हणा, त्यात कमीपणा काही नाही. पण फोड करताना ‘स्कूल’ला एकच टाळी आहे. ‘इस्कूल’ म्हटलं की दोन होतात, आणि मूल स्पेलिंगच्या सुरुवातीला इमानदारीनं आय किंवा ई लिहितं. कानानं जे ऐकलं तेच त्यानं लिहिलं. म्हणून लाल शाईनं खोडण्याआधी टाळी मोजून घ्यावी. ‘स्स्स’ लांबवून मग ‘कूल’ म्हणायला लावलं की पुढचा ‘इ’ गळून पडतो.

पायरी दुसरी: दोन्ही टोकं सोडवा

आता शब्द कागदावर. लांब शब्द डावीकडून एकेक अक्षर लावत वाचायचा नाही. आधी शेवट बघा, मग सुरुवात, आणि गाभा सर्वांत शेवटी.

शेवटाला बघायचं कारण असं की इंग्रजीतले प्रत्यय मोजके आहेत आणि त्यांचा उच्चार जवळजवळ ठरलेला आहे. टी-आय-ओ-एन दिसलं की ‘शन’. त्यात स्वराची दोन अक्षरं आहेत, पण टाळी एकच. ‘क्वेश्चन’सारख्या थोड्या शब्दांत तो ‘चन’ होतो. टी-यू-आर-ई म्हणजे ‘चर’: अ‍ॅग्रिकल्चर, फर्निचर, टेंपरेचर. एम-ई-एन-टी म्हणजे ‘मेंट’, एन-ई-एस-एस म्हणजे ‘नेस’, ए-बी-एल-ई म्हणजे ‘एबल’. शब्दातले असे तुकडे पेन्सिलीनं चौकटीत टाका. सुरुवातीला री, अन, प्री, डिस, इंटर, ट्रान्स, सब असं काही असेल तर तेही चौकटीत. ‘ट्रान्सपोर्टेशन’ या भल्यामोठ्या शब्दात मग मधे ‘पोर्ट’ आणि त्याला लागलेला ए एवढंच उरतं.

ई-डी या प्रत्ययाकडे थोडं जास्त लक्ष द्या, कारण आपल्याकडे तो सरसकट ‘एड’ म्हणून वाचला जातो: वॉकेड, प्लेएड. ई-डी लागल्यानं टाळी वाढते ती फक्त मूळ क्रियापदाचा शेवट ट किंवा ड या ध्वनीनं होत असेल तेव्हा. ‘वाँट’चं ‘वाँटिड’, दोन टाळ्या. ‘नीड’चं ‘नीडिड’, दोन. पण ‘वॉक’चं ‘वॉक्ट’ आणि ‘प्ले’चं ‘प्लेड’, दोन्ही एकाच टाळीचे. ही एक गोष्ट सुधारली तरी वर्गातलं वाचन लगेच बदललेलं ऐकू येतं.

पायरी तिसरी: गाभ्यातले स्वर शोधा

टोकं बाजूला झाल्यावर उरलेल्या भागात ए, ई, आय, ओ, यू यांच्याखाली टिंब द्या. वाय शब्दाच्या मधे किंवा शेवटी असेल तर तोही स्वराचं काम करतो. जोडीनं आलेले स्वर, म्हणजे ई-ए, ओ-ए, ए-आय, बहुतेक वेळा एकच ध्वनी देतात; त्यांना एकच टिंब. शेवटची मुकी ई मोजायची नाही. जितकी टिंबं तितके सिलॅबल, आणि आता दोन टिंबांमध्ये काप कुठे घ्यायचा तेवढं ठरवायचं.

दोन स्वरांमध्ये दोन व्यंजनं असतील तर सहसा मधोमध काप: ट्रॅक-टर, डॉक-टर, मार-केट. तीन व्यंजनं असतील तर इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीला जी जोडी येऊ शकते ती एकत्र ठेवा. ‘हंड्रेड’मध्ये डी-आर एकत्र राहतात, म्हणून हन-ड्रेड. ‘कंप्लेंट’मध्ये पी-एल एकत्र, म्हणून कम-प्लेंट. सी-एच, एस-एच, टी-एच, पी-एच या जोड्या सहसा तोडायच्या नाहीत, कारण त्या दिसतात दोन पण ध्वनी बहुतेक वेळा एक असतो.

मधे एकच व्यंजन असेल तर थोडी चाचपणी करावी लागते. आधी व्यंजन पुढच्या तुकड्याला द्या आणि स्वर लांब म्हणून बघा: पाय-लट, टो-टल, म्यु-झिक. शब्द ओळखीचा वाटला तर ठीक. नाही वाटला तर व्यंजन मागे ओढा आणि स्वर आखूड करा: रिव्ह-र, लिम-इट. ‘रायव्हर’, ‘लायमिट’ असं काही कानावर कधी आलेलं नसतं, त्यावरूनच कळतं. म्हणून रोज थोडं चांगलं इंग्रजी कानावर पडणं गरजेचं आहे. इथे नियम एवढंच सांगतो की दोन शक्यता आहेत. निवड कानानं करायची.

एल-ई नं संपणाऱ्या शब्दात मात्र त्या मुक्या ई लाही टिंब द्या आणि एल-ईच्या आधीचं व्यंजन सोबत घ्या: टे-बल, बॉट-टल, लिट-टल.

पायरी चौथी: जोर कुठे द्यायचा

मराठीत आपण सगळे तुकडे जवळजवळ सारख्या वजनानं म्हणतो. इंग्रजीत लांब शब्दातल्या एका तुकड्यावर मुख्य जोर येतो आणि बाकीचे दबतात. हा जोर कुठे पडेल हे बऱ्याचदा प्रत्ययच सांगतो. ‘शन’, आय-सी चा ‘इक’ आणि आय-टी-वाय चा ‘इटी’ यांच्या लगेच आधीच्या तुकड्यावर जोर पडतो. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर. ‘फोटोग्राफिक’ म्हटलं की तो ‘ग्रॅ’वर सरकतो. आणि ‘फोटोग्राफी’चा इंग्रजी उच्चार ‘फ-टॉ-ग्र-फी’ असा होतो, जोर ‘टॉ’वर. स्पेलिंग जागेवरच असतं, आवाज मात्र हलत राहतो.

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण विजेचं आहे. इलेक्ट्रिक, इलेक्ट्रिसिटी, इलेक्ट्रिशियन हे तीन शब्द एकाखाली एक लिहा. तिन्हींत शेवटाकडे तोच सी आहे. पहिल्यात तो ‘क’ म्हणतो, दुसऱ्यात ‘स’, तिसऱ्यात ‘श’. आवाजाच्या मागे लागून स्पेलिंग लिहिणारा दुसऱ्या शब्दात एस आणि तिसऱ्यात एस-एच घालतो. मुळात ‘इलेक्ट्रिक’ आहे आणि त्याला प्रत्यय लागलाय, हे दिसणाऱ्याचा हात चुकत नाही. तसंच ‘साइन’मधला मुका जी. तो उगाच का लिहायचा, असं मुलं विचारतात. त्यापुढे ‘सिग्नेचर’ लिहून दाखवा: इथे तो बोलायला लागतो.

पायरी पाचवी: अर्थानं फोडा

इथपर्यंत शब्द नीट वाचता येतो. पण नुसता वाचता येऊन काय उपयोग, कळायलाही हवा. म्हणून फोड दोनदा करायची असते, एकदा आवाजानं आणि एकदा अर्थानं. दोन्ही काप दरवेळी एकाच जागी पडत नाहीत, आणि नवशिक्या माणसाचा गोंधळ नेमका इथेच होतो.

कृषी सेवा केंद्रातल्या डब्यावरचा ‘इन्सेक्टिसाइड’ शब्द घ्या. आवाजानं तो इन-सेक-टि-साइड असा तुटतो, चार टाळ्या. अर्थानं तुटतो तेव्हा इन्सेक्ट म्हणजे कीटक, साइड म्हणजे मारणारं, आणि मधला आय नुसता जोडायला आलेला. आता शेजारचे डबे बघा: फंगिसाइड, हर्बिसाइड. साइड तोच. मराठीत आपण काय म्हणतो? कीटकनाशक, बुरशीनाशक, तणनाशक. ‘नाशक’ जिथे बसतं तिथेच ‘साइड’ बसतं.

मराठी माध्यमाच्या मुलांची खरी ताकद इथे आहे, आणि ती त्यांना कुणीतरी दाखवून दिली पाहिजे. आपले शास्त्रीय शब्द बऱ्याचदा याच पद्धतीनं, तुकड्याला तुकडा जोडून घडवलेले आहेत. मायक्रोस्कोप म्हणजे सूक्ष्मदर्शक: मायक्रो सूक्ष्म, स्कोप दर्शक. टेलिस्कोप दूरदर्शक, म्हणजे टेलि दूर. थर्मामीटर तापमापी. बायोडायव्हर्सिटी जैवविविधता. फोटोसिंथेसिस म्हणजे प्रकाशसंश्लेषण: फोटो प्रकाश, सिन म्हणजे एकत्र, जसा आपला ‘सम्’, आणि थेसिस म्हणजे ठेवणं, रचणं. दहावीत मराठीतून जो शब्द पाठ केला, त्यातच इंग्रजी शब्दाची किल्ली आहे. मराठीतून शिकल्यामुळे आपण मागे पडलो असं अकरावीतल्या कुठल्याही मुलानं मनात आणू नये. उलट इंग्रजी माध्यमातल्या मुलाला ‘फोटोसिंथेसिस’ हा नुसता एक आवाज असू शकतो. तुमच्याकडे त्याचा अर्थ आधीच आहे.

काही तुकडे तर थेट नात्यातले आहेत. डेंटलमधला ‘डेंट’ आणि आपला दंत, नेझलमधला ‘नेझ’ आणि नासिका, पेडलमधला ‘पेड’ आणि पद, ऑक्टोपसमधला ‘ऑक्टो’ आणि अष्ट. लॅटिन, ग्रीक आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या असल्यामुळे हे साम्य दिसतं. पेंटागॉन म्हणजे पंचकोन हे एकदा लक्षात आलं की विसरता येत नाही.

आता एक भारदस्त शब्द जवळून बघू. मेडिकल कॉलेजच्या विभागांत ‘ओटोराइनोलॅरिंगॉलॉजी’ असं नाव भेटतं. इंग्रजीत एकोणीस अक्षरं. शेवटची ‘लॉजी’ म्हणजे शास्त्र, ती ओळखीची, बायोलॉजीत आणि जिऑलॉजीत भेटलेली. ती चौकटीत टाका. उरलेल्या भागात ‘ओटो’ म्हणजे कान, ‘राइनो’ म्हणजे नाक, ‘लॅरिंग’ म्हणजे स्वरयंत्र, आणि त्याला लॉजी जोडणारा ओ. दवाखान्यातली ‘कान, नाक, घसा’ ही मराठी पाटी त्याच क्रमानं लिहिलेली आहे. आवाजानं नऊ टाळ्या: ओ-टो-राय-नो-लॅ-रिं-गॉ-ल-जी. ‘राइनो’च्या स्पेलिंगमध्ये आर-एच येतो, जसा गेंड्याच्या ‘राइनो’त येतो. गेंड्याच्या पूर्ण नावाचा अर्थच ‘नाकावर शिंग’ असा आहे. एवढं समजल्यावर हा शब्द पाठ करायची गरजच उरत नाही, तो जोडत जोडत लिहिता येतो.

आवाज आणि अर्थ यांचे काप वेगळे पडतात याचं आणखी एक उदाहरण आपल्या कापसाच्या रानातलं. पांढरी माशी, मावा, तुडतुडे हे ‘हेमिप्टेरा’ गणातले. म्हणताना आपण हे-मिप-टे-रा म्हणतो, पण अर्थाचा काप मि आणि प यांच्या मधे आहे: हेमि म्हणजे अर्धा, प्टेरा म्हणजे पंख. गुलाबी बोंडअळीचा पतंग ‘लेपिडॉप्टेरा’तला: लेपिड म्हणजे खवला, म्हणजे खवल्यांचे पंख असलेला. पतंग बोटांत धरल्यावर जी भुकटी लागते तेच हे खवले. आणि हाच प्टेर ‘हेलिकॉप्टर’मध्ये बसलाय: हेलिको म्हणजे मळसूत्रासारखं फिरणारं, प्टर म्हणजे पंख. बोलताना सगळं जग हेलि-कॉप्टर असंच तोडतं. तोडू द्या, पण अर्थाचा काप माहीत असू द्या.

संधीकडेही लक्ष हवं. सत् आणि जन मिळून ‘सज्जन’ होतं, त चा ज होतो. इंग्रजीत ‘इन’ हा उपसर्ग असाच बदलतो. एल पुढे आला की ‘इल’: इल्लीगल. आर पुढे आला की ‘इर’: इर्रेग्युलर. पी किंवा एम पुढे आला की ‘इम’: इम्पॉसिबल. दोन एल, दोन आर का लिहायचे याचं उत्तर यातच आहे. एक उपसर्गाचा, एक मूळ शब्दाचा.

मात्र ‘इन’चा अर्थ दरवेळी ‘नाही’ असा होत नाही. जायकवाडीच्या कालव्यांमुळे आपल्या ओळखीचा झालेला ‘इरिगेशन’ शब्द बघा. त्यातलाही ‘इर’ मुळात ‘इन’च, पण इथे त्याचा अर्थ ‘आत’ असा आहे, आणि पुढचा लॅटिन धातू पाणी देण्याचा. ‘इम्पोर्ट’मध्येही तेच, आत आणणं. पेट्रोलच्या टँकरवर लिहिलेला ‘इन्फ्लेमेबल’ तर नीट समजून घ्याच. त्याचा अर्थ ‘पेट न घेणारा’ असा नाही, ‘पटकन पेट घेणारा’ असा आहे. इथे चुकीची फोड जिवावर बेतू शकते.

फसवे तुकडे

चौकटी टाकायची सवय लागली की मुलं दिसेल तिथे चौकट टाकायला लागतात. ‘अंकल’मध्ये अन दिसतो, ‘रेडी’मध्ये री दिसतो, ‘वॉटर’मध्ये ई-आर दिसतो. यातलं काहीच खरं नाही. कसोटी सोपी आहे: तुकडा काढल्यावर जे उरतं त्याला अर्थ हवा, आणि काढलेल्या तुकड्यानं त्या अर्थात भर घातलेली हवी. ‘टीचर’मधून ‘टीच’ उरतो. ‘वॉटर’मधून डब्ल्यू-ए-टी उरतं, त्याला अर्थ नाही.

‘टुगेदर’चं स्पेलिंग ‘टू-गेट-हर’ असं पाठ करून घेतात. स्पेलिंगपुरतं चालेल, पण ती शब्दाची खरी फोड नव्हे हे सोबतच सांगा. आणि रसायनशास्त्राच्या मुलांनी ‘अनआयोनाइज्ड’ हा शब्द एकदा इंग्रजीत लिहून बघावा. त्याच अक्षरांत ‘युनियनाइज्ड’ही वाचता येतो, म्हणजे संघटना बांधलेला. कुठला वाचायचा हे फक्त आजूबाजूचं वाक्य सांगतं.

सराव कसा करावा

दोनशे पानी वही घ्या आणि एका पानावर एकच मूळ तुकडा लिहा. ‘पोर्ट’च्या पानावर, म्हणजे वाहून नेणं, इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट, पोर्टेबल. ‘ग्राफ’च्या पानावर फोटोग्राफ, ऑटोग्राफ, पॅराग्राफ. ‘आय-टी-आय-एस’ म्हणजे सूज किंवा दाह, त्या पानावर टॉन्सिलायटिस, गॅस्ट्रायटिस, हिपॅटायटिस. नवा शब्द भेटला की त्याच्या घराण्याच्या पानावर. रोज दहा शब्द पाठ करण्यापेक्षा रोज एक तुकडा ओळखीचा करणं मला जास्त फायद्याचं वाटतं, कारण एक तुकडा पुढे कितीतरी शब्द उघडतो. शिक्षकांनी फळ्यावर एकाच शब्दाखाली दोन रेघा माराव्यात, वरची आवाजाच्या कापांची आणि खालची अर्थाच्या कापांची, म्हणजे दोन्हींतला फरक डोळ्यांना दिसतो.

शब्दकोशात शब्दाच्या मधे ठिपके दिसतील. दोन कोशांत ते वेगळ्या जागी दिसले तर घाबरू नका: अमेरिकन कोशांचा कल आवाजाकडे असतो, ब्रिटिश पद्धतीचा शब्दाच्या घडणीकडे. शिवाय ते ठिपके बहुधा ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा हे सांगण्यासाठी असतात, उच्चारासाठी वेगळी खूण दिलेली असते.

आणि ओळीच्या शेवटी जागा संपली तर एका टाळीचा शब्द कधीच तोडायचा नाही, एकटं अक्षर मागे सोडायचं नाही, प्रत्यय किंवा उपसर्गापाशी काप घेणं सर्वांत सुरक्षित. बोर्डाच्या पेपरात मात्र तेवढाही धोका पत्करू नका. अख्खा शब्द खालच्या ओळीवर न्या.